हातात काय आहे ते बघा: जुन्या साहसपटांच्या पोस्टरांवरचे स्त्री-पुरुष (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात जुनी सिनेमाची पोस्टरं कुठेही मांडली, कॉलेजच्या हॉलमध्ये, वाचनालयात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, तरी येणारे-जाणारे थांबतात आणि विचारतात. टारझन, हंटरवाली आणि दारासिंग यांच्यापाशी हमखास गर्दी होते. पोस्टरं मांडताना माझ्यापुढे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे सवडीने लिहिली आहेत.

साहसपट म्हणजे नेमके कुठले सिनेमे?

तलवारबाजीचे, जंगलातले, समुद्री चाच्यांचे, उडत्या गालिच्यांचे, दरोडेखोरांचे. आपल्याकडे ज्यांना सरळ 'स्टंटपट' किंवा 'मारधाडीचे पिक्चर' म्हणत, ते सगळे. काळ साधारण १९२० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा. हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४) भारतात फार गाजला. त्याच धर्तीची देशी मारधाड मुंबईत जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या भावांनी उभी केली. १९३३ मध्ये त्यांनी 'वाडिया मूव्हीटोन' ही कंपनी काढली. पौराणिक आणि सामाजिक चित्रपटांना इथे गरजेपुरताच हात लावला आहे.

पोस्टर बघायला सुरुवात कुठून करायची?

हातांपासून. चेहरे नंतर बघा. चेहरा नटाचा असतो आणि तो आपल्याला भुलवतो. हात मात्र चित्रकाराने ठरवून काढलेले असतात.

साहसपटाचं कुठलंही जुनं पोस्टर घ्या आणि त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या हातात काय आहे ते वहीत लिहून काढा. पुरुषाच्या हातात तलवार, दोर, चाबूक, पिस्तूल, मशाल, घोड्याचा लगाम, नाहीतर शत्रूची मान असते. बाईच्या हातात काय? बहुतेक वेळा पुरुषाचा दंड किंवा त्याची छाती. तेही नसेल तर हात तोंडावर जातो, किंकाळी दाबायला. कधी दोन्ही हात डोक्यामागे असतात. तसे हात ठेवून संकटात कुणीही उभं राहत नाही, पण त्यामुळे शरीर बघणाऱ्यापुढे पूर्ण मोकळं होतं. कधी हात बांधलेलेच असतात.

एवढी यादी केली की पोस्टराची निम्मी गोष्ट उलगडते. पुरुष काहीतरी करतो आहे आणि बाईच्या बाबतीत काहीतरी घडतं आहे. ही वाटणी हॉलिवूडच्या पोस्टरांत दिसते आणि मुंबईच्याही. म्हणून ज्या पोस्टरांत ती मोडली आहे, ती मला सगळ्यात मोलाची वाटतात.

हातांनंतर पाय बघा. पुरुषाचे पाय फाकलेले आणि जमिनीत रोवलेले असतात. बाईचा एक गुडघा वाकलेला असतो, किंवा तिचे पाय जमिनीला टेकलेलेच नसतात, कारण तिला कुणीतरी उचललेलं असतं. मग नजर बघा. तो संकटाकडे किंवा दूर क्षितिजाकडे पाहतो. ती त्याच्याकडे पाहते, नाहीतर थेट आपल्याकडे, म्हणजे तिकीट काढणाऱ्याकडे.

बाईला सारखं उचलून का नेत असतात?

ही खूप जुनी मांडणी आहे, सिनेमाने ती आयती उचलली. युरोपातल्या चित्रकारांनी ग्रीक पुराणकथेतली, खडकाला साखळदंडांनी बांधलेली अँड्रोमेडा आणि तिला सोडवायला आलेला पर्सियस शतकानुशतकं रंगवला. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या 'जटायुवध' चित्रात रावणाच्या एका हातात तलवार आहे, दुसऱ्या हाताच्या विळख्यात सीता आहे आणि सीतेचा हात स्वतःच्या चेहऱ्यावर आहे. रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती घराघरात पोचल्या होत्या. पोस्टर रंगवणाऱ्याने असली चित्रं लहानपणापासून पाहिलेली असत आणि बघणाऱ्यानेही.

'किंग काँग' (१९३३) च्या पोस्टरांनी ही मांडणी टोकाला नेली: एम्पायर स्टेट इमारतीवर प्रचंड वानर, भोवती विमानं आणि त्याच्या मुठीत फे रे ही नटी. त्यानंतर वानराच्या जागी राक्षस आला, यंत्रमानव आला, परग्रहावरचा प्राणी आला. हातातली बाई तीच राहिली. धंद्याच्या दृष्टीने ही मांडणी फार सोयीची आहे. धोका, नायकाचं काम आणि बाईचं शरीर, तिन्ही गोष्टी एकाच आकृतीत दिसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या दोन सेकंदांत कळतात.

पण अंग तर पुरुषांचंही उघडंच असतं की! मग फरक काय?

हा प्रश्न मुलगे विचारतात आणि तो रास्त आहे. टारझनच्या अंगावर लंगोटापलीकडे काही नसतं, समुद्री चाच्याचा सदरा छातीवर फाटलेला असतो, दारासिंग तर निम्म्या पोस्टरांत उघडाच आहे.

फरक कामाचा आहे. पुरुषाच्या उघड्या दंडावर वजन आलेलं दिसतं. तो खांब मोडतो आहे, सिंहाचा जबडा फाडतो आहे, साखळी तोडतो आहे. स्नायू कशासाठी ताणला आहे ते चित्रात लगेच सापडतं. बाईच्या उघड्या पाठीला किंवा मांडीला असं कारण शोधून बघा, बहुतेकदा मिळत नाही. तिचे कपडे फाटतात तेही मोजून-मापून, आणि त्याच झटापटीत तिची केशरचना मात्र जशीच्या तशी राहते.

दारासिंगचं उदाहरण आपल्याकडे लोकांना पटकन पटतं, कारण तालीम इथे सगळ्यांना ठाऊक आहे. 'किंग काँग' (१९६२), 'फौलाद' (१९६३) असे त्याचे चित्रपट आले तेव्हा पोस्टरवरचा तो देह प्रेक्षकाला परका नव्हता. असं शरीर कशाने होतं हे तालमीत जाणाऱ्या पोराला माहीत होतं: जोर, बैठका, लाल माती, दूध-बदाम. कमावलेलं शरीर म्हणून त्याच्याकडे आदराने बघितलं जाई. अशा पोस्टरांवर अनेकदा मुमताज असे. तिने दारासिंगबरोबर डझनाहून जास्त चित्रपट केले. ती मेहनती नटी होती आणि पुढे आघाडीची तारका झाली, पण पोस्टरवर तिचं शरीर कशाने घडलं हा प्रश्नच कुणाला पडू नये अशी मांडणी असायची.

हे सगळं पुरुषांच्या फायद्याचंच होतं असंही मला वाटत नाही. साहसपटाच्या पोस्टरवरचा नायक घाबरलेला, थकलेला किंवा मदत मागणारा कधी पाहिला आहे का? रक्त चालतं, रडू चालत नाही. मिलच्या पाळीतून मोडून आलेला माणूस भिंतीवर कधीही न मोडणारा पुरुष बघत होता. मुलांशी बोलताना या बाजूबद्दलही बोलायलाच हवं.

हंटरवालीचं काय? ती तर चाबूक घेऊन उभी असते!

हो, आणि म्हणूनच ती इतकी महत्त्वाची आहे.

'फिअरलेस नादिया' म्हणजे मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. लहानपणीच ती भारतात आली, घोडेस्वारी शिकली, सर्कशीत काम केलं. वाडियांचा 'हंटरवाली' (१९३५) तयार झाला तेव्हा वितरक तो घ्यायला बिचकत होते. प्रदर्शित झाल्यावर मात्र असा चालला की चाबकापासून काडेपेट्यांपर्यंत बाजारात 'हंटरवाली' नावाचा माल आला. पुढे 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६), 'डायमंड क्वीन' (१९४०), 'जंगल प्रिन्सेस' (१९४२) आणि आणखी बरेच.

आता हातांची कसोटी तिला लावा. एका हातात चाबूक, दुसरा कमरेवर. पाय रोवलेले, अंगात आखूड विजार, पायात बूट, डोळ्यांवर मुखवटा. तिच्या प्रसिद्ध छायाचित्रांत तर तिने धडधाकट गडी डोक्यावर उचलून धरला आहे. बाईला उचलून नेण्याचा शेकडो वर्षांचा रिवाज तिने शब्दशः उलटा केला. तिच्या मांड्याही उघड्या आहेत, पण त्या धावत्या आगगाडीच्या टपावर उभ्या राहणाऱ्या बाईच्या मांड्या आहेत. शरीर दिसणं आणि शरीर मांडून ठेवणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते नादियाच्या पोस्टरसमोर उभं राहिलं की समजतं.

एक आक्षेप लोक घेतात आणि तो टाळता येणार नाही: ती गोरी होती, सोनेरी केसांची होती, म्हणून तिला हे चाललं, आपल्या पोरीला कुणी करू दिलं नसतं. यात तथ्य आहे. परकेपणामुळे तिला मोकळीक मिळाली. पण त्याच काळात आपल्या मराठी नट्याही मागे नव्हत्या. ज्या ललिता पवारांना आपण खाष्ट सासू म्हणून ओळखतो, त्या १९३१ च्या 'दिलेर जिगर' या मूकपटात साहसी नायिका होत्या. आणि प्रभातच्या 'अमर ज्योती' (१९३६) मध्ये व्ही. शांतारामांनी दुर्गाबाई खोटे यांना चाच्यांची पुढारी केलं. सौदामिनी हे त्या पात्राचं नाव. आईला स्वतःच्या मुलावर हक्क नाकारणाऱ्या राज्याविरुद्ध ती बंड करते. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही गेला होता. थोडक्यात, १९३० च्या दशकात शस्त्रधारी बाई पडद्यावर चालत होती आणि तिकिटंही विकत होती.

आपल्या देवीच्या हातांत शस्त्रं असतात. मग पोस्टरवरच्या बायकांचे हात रिकामे का?

हा प्रश्न एका आजींनी विचारला होता. इतका नेमका प्रश्न पुस्तकातही सापडला नव्हता.

तुळजापूर इथून पाऊण-एक तासावर. नवरात्रात सोलापूरची माणसं चालत जातात. तिथली भवानी अष्टभुजा आहे, महिषासुराला मारते आहे. महिषासुर पायाशी, शस्त्र हातात, नजर स्थिर. हे रूप डोळ्यांत घेऊन वाढलेल्या प्रेक्षकाला चाबूक घेतलेली नादिया विचित्र वाटली नसणार. झाशीच्या राणीचं रूपही सगळ्यांच्या मनात ठसलेलं होतं: घोडा, तलवार, पाठीशी बांधलेलं मूल. सोहराब मोदींनी १९५३ मध्ये 'झाशी की रानी' केला, तो भारतातला पहिला टेक्निकलर चित्रपट. म्हणजे शस्त्र घेतलेली बाई दाखवायला लागणारी चित्रभाषा इथे होतीच, परदेशातून आणावी लागणार नव्हती.

तरीही हात रिकामे राहिले, त्याचं कारण मला असं वाटतं: देवी आणि राणी यांना शस्त्र द्यायला कुणाची हरकत नव्हती, कारण त्या रोजच्या आयुष्यातल्या नव्हत्या. शेजारच्या घरातल्या बाईच्या हातात शस्त्र दिलं की ती घरी परतल्यावर काय करेल हा प्रश्न उभा राहतो. चित्रपटांच्या गोष्टी नेमक्या तिथेच माघार घेतात. शेवटच्या रिळात चाबूक खाली ठेवला जातो आणि लग्न लागतं.

'मदर इंडिया' (१९५७) साहसपट नाही, पण खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तिच्या हातांना काम आहे आणि म्हणून ते चित्र अजून पुसलं गेलेलं नाही.

१९५० नंतर काय बदललं?

रंग भडक झाले आणि बाईच्या हातातली शस्त्रं कमी झाली. नादियाचं वय वाढलं आणि तिची जागा घेणारी दुसरी कुणी तिच्याइतकी पुढे आणली गेली नाही. जंगलपटांत होमी वाडियांचा 'झिंबो' (१९५८) आला, मग दारासिंगचं पर्व.

परदेशातही तसंच. 'वन मिलियन इयर्स बी.सी.' (१९६६) मध्ये रॅकेल वेल्शला मोजकेच संवाद आहेत, पण कातड्याच्या तोकड्या कपड्यांतलं तिचं उभं छायाचित्र चित्रपटापेक्षा मोठं झालं. पोस्टरवर ती जवळजवळ एकटीच आहे, तरी ती काय करते आहे हे सांगता येत नाही. पोस्टरच्या मधोमध जागा मिळाली म्हणजे महत्त्व मिळालं असं होत नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

'स्टार वॉर्स' (१९७७) चं टॉम जंग यांनी केलेलं पहिलं पोस्टरही असंच बघण्यासारखं आहे. नायकाने प्रकाशाची तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आहे, सदरा उघडा आहे. राजकन्या लेया त्याच्या खालच्या बाजूला उभी आहे, तिच्या हातात पिस्तूल आहे, पण झग्याची चीर पार मांडीपर्यंत गेली आहे. चित्रपटात लेयाचा पांढरा झगा गळ्यापासून पायघोळ आहे! चित्रपटाने तिला जे दिलं ते पोस्टरने काढून घेतलं आणि दिलं नव्हतं ते चिकटवलं. नायकाचीही पिळदार छाती चित्रकाराच्याच पदरची.

पोस्टरवरचा प्रसंग सिनेमात नसतोच. ही फसवणूक नाही का?

पोस्टर हे विक्रीचं साधन होतं. चित्रपट पुरा होण्याआधीच वितरकाला तो विकायचा असे, त्यामुळे चित्रकाराला अनेकदा काही छायाचित्रं आणि गोष्टीचा सारांश एवढंच मिळे. उरलेलं तो रंगवे. 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन' (१९५८) च्या रेनॉल्ड ब्राउन यांच्या पोस्टरवर एक महाकाय बाई हमरस्त्यावर पाय फाकून उभी आहे, हातात मोटार. हा देखावा चित्रपटात तसा नाहीच. गंमत म्हणजे पोस्टरवरची ही बाई पडद्यावरच्या बाईपेक्षा कितीतरी ताकदवान आहे.

पण खोटं कुठल्या दिशेने सांगितलं जातं त्याकडे लक्ष द्या. पुरुषाची उंची, शस्त्र, शत्रूंची संख्या वाढवली जाते. बाईचं वय आणि कापड कमी केलं जातं.

ही पोस्टरं काढली कुणी? त्यांच्यात आपल्याकडचं कुणी होतं?

होतं, आणि सोलापूरकरांना हे माहीत असायला हवं. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. मुंबईत उमेदवारीच्या काळात त्यांनी सिनेमाचे मोठमोठे बोर्ड रंगवून पोट भरलं. एस. एम. पंडित यांचा जन्म १९१६ चा, शेजारच्या गुलबर्ग्याचा, आजच्या कलबुर्गीचा. मुंबईत मेट्रो सिनेमा १९३८ मध्ये सुरू झाला. तिथे लागणाऱ्या एम.जी.एम. या हॉलिवूडच्या कंपनीच्या इंग्रजी चित्रपटांची त्यांनी केलेली शोकार्डं (टॉकीजमध्ये मांडायची जाहिरातीची चित्रं) बघायला लोक थांबत. 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठंही त्यांची. पुढे त्यांनी देवादिकांची आणि पुराणातली चित्रं रंगवली. त्यांच्या ब्रशातली त्वचेची झळाळी हॉलिवूडच्या तारकेला आणि पौराणिक नायिकेला सारखीच मिळाली.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर या सगळ्यांच्या आधीचे. 'कल्याण खजिना' (१९२४) या शिवकालीन चित्रपटाचं त्यांचं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणलं जातं. १९७० च्या दशकात दिवाकर करकरे यांनी सुरीने रंग ओढून ॲक्शनपटांचे खडबडीत, रागावलेले चेहरे आणले.

या यादीत बाई नाही. बोर्ड रंगवणं म्हणजे परांचीवर चढणं, रात्री रस्त्यावर काम, पुरुषांचा अड्डा. बायकांना तिथे शिरकाव नव्हता. बाईचं शरीर कसं दिसावं हे ठरवणारा निर्माता, वितरक, चित्रकार, टॉकीजचा मॅनेजर, सगळे पुरुष, आणि रस्त्यावर थांबून पोस्टर बघण्याची मोकळीकही पुरुषालाच जास्त. हे लक्षात घेतलं तर एकेका चित्रकाराला दोष देत बसायची गरज उरत नाही. माणसं कसबी होती, त्यांना काम असंच सांगितलं जात होतं.

सोलापूरच्या प्रेक्षकासाठी पोस्टर एवढं महत्त्वाचं का होतं?

मिलच्या भोंग्यावर चालणारं गाव. पहिली कापड गिरणी १८७७ ची. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत. हिंदी चित्रपटाचं नाव पोस्टरवर अनेकदा नागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्यांत असे, पण पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराच्या घरात तेलुगू बोलली जाई आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची संख्याही मोठी होती. अशा ठिकाणी चित्रच बोलत असे. टॉकीजबाहेरचं पोस्टर बघून ठरायचं: मारधाड आहे, घोडा आहे, वाघ आहे, चला.

बायकांनी साहसपट पाहिले नाहीत हा गैरसमज मात्र काढून टाका. अनेक टॉकीजमध्ये त्यांच्यासाठी वेगळी बसायची सोय असे आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर घरंच्या घरं बाहेर पडत. नादियाला टाळ्या देणाऱ्यांत त्याही होत्या. पोस्टर त्यांना उद्देशून नव्हतं, तरी त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

खलनायिका वेगळी का दिसते?

कारण तिला करायला काम असतं! जादूगारीण, नागिणींची राणी, दरोडेखोरांची बाई. तिच्या हातात पेला, खंजीर, जादूची कांडी दिसते आणि ती ताठ उभी असते. चेहऱ्यावर हिरवा किंवा जांभळा रंग. हालचाल करणारी, हुकूम सोडणारी बाई वाईट आणि थरथरणारी चांगली, एवढा मोठा निवाडा पोस्टर एका रंगात करून टाकतं.

टारझनच्या पोस्टरांवर काळी माणसं कशी दाखवली आहेत?

वाईट. कोपऱ्यात, छोटी, भाले घेतलेली, चेहरा नसलेली. गोरा नायक मोठा, गोरी नायिका उजळ, बाकी सगळे जंगलाचा भाग. आपल्याकडच्या जंगलपटांनीही हे तसंच उचललं, 'तुफानी टारझन' (१९३७) पासून पुढे आदिवासींना पिसं लावून नाचवणं चालू राहिलं. आपल्याच देशातल्या माणसांबद्दलचं हे चित्रण आहे आणि पोस्टरं मांडताना त्यावर गप्प बसणं मला पटत नाही. स्त्री-पुरुषांच्या मांडणीशीही याचा संबंध आहे: ज्याला चेहरा नाही त्याच्यापासून वाचवायचं म्हटलं की वाचवणारा आपोआप थोर होतो.

हे सगळं जुनं झालं की, आता कशाला उकरायचं?

आजच्या ॲक्शनपटाचं पोस्टर मोबाईलवर उघडा आणि हातांची यादी करा. मग जुनं आणि नवं शेजारी ठेवा. काही बदललं आहे, काही अजिबात नाही. हे स्वतः बघितल्याशिवाय कळत नाही.

तुम्हाला ही पोस्टरं आवडतात की त्यांचा राग येतो?

दोन्ही, आणि मी त्यातलं एक निवडणार नाही. लिथोच्या (शिळाछपाईच्या) शाईतला तो तांबडा रंग, घोड्याच्या मानेचा तो एका फटकाऱ्यातला वळसा, अक्षरांतून निघणाऱ्या ज्वाळा, हे बघताना हरखून जायला होतं. त्याच पोस्टरवर कुठल्या तरी नटीला निष्कारण वाकवून ठेवलेलं दिसतं आणि चीड येते. ती नटी घोड्यावर बसायला शिकली असेल, उन्हातान्हात शूटिंग केलं असेल, आणि भिंतीवर तिच्या कामाचा मागमूस नाही. नादियाच्या पोस्टरपाशी कॉलेजच्या मुली उभ्या राहतात तेव्हा त्या न सांगता तिच्यासारख्या कमरेवर हात ठेवतात. ते बघितलं की मांडामांड करण्याचा सगळा शीण जातो.

शाळेत मुलांना दाखवता येतील का? कशी?

आठवीपासून पुढे जरूर दाखवा. पोस्टरं निवडून घ्या, फार उघडीवाघडी टाळा. नंतर मुलग्यांना सांगा, की पोस्टरवरच्या नायिकेसारखं उभं राहून दाखवा, आणि मुलींना सांगा, नायकासारखं. शिकवायची गरजच पडत नाही. मुलगे अर्ध्या मिनिटात तोल जाऊन बसतात, कारण कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे आणि मान तिसरीकडे वळवून फार वेळ उभं राहताच येत नाही. मुली मात्र पाय रोवून आरामात उभ्या राहतात. मग विचारा, कोणत्या पायांनी पळता येईल? दुसरा खेळ असा: नायक-नायिकेच्या हातातल्या वस्तू बदलून पोस्टर पुन्हा काढायला द्या. कुणाचीही टिंगल होणार नाही एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.

पोस्टर अस्सल आहे की नवी प्रत, कसं ओळखायचं?

बोट फिरवा. जुनी पोस्टरं घडी घालून पाठवत, त्यामुळे घडीची रेघ बोटाला लागते. स्कॅन करून छापलेल्या नव्या प्रतीत ती डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही. भिंगातून बघा: हाताने केलेल्या लिथोत रंगाचे दाणे ओबडधोबड असतात, नव्या छपाईत बारीक ठिपके एकसारखे. भारतीय पोस्टरचा नेहमीचा आकार ३० बाय ४० इंच, अमेरिकन २७ बाय ४१. आणि हे ध्यानात ठेवा की जुने चित्रपट पुन्हा पुन्हा लागत, तेव्हा नवीन पोस्टरं छापली जात. ती खोटी नसतात, फक्त नंतरची असतात.

घरात जुनी पोस्टरं सापडली. काय करू?

आधी ती उघडू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कागद इतका कोरडा आणि ठिसूळ होतो की घडीवर सरळ तुकडे पडतात. पहिला पाऊस होऊन हवेत थोडा ओलावा आला की सावलीत, स्वच्छ चादरीवर, दोघांनी मिळून हळूहळू उघडा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, ओला फडका लावू नका.

सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते परत निघत नाही. फाटलेलं जोडायचं असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरणाऱ्या जाणकाराकडेच द्या. ठेवताना सपाट ठेवा, जागा नसेल तर जाड नळकांडीवर स्वच्छ पांढरा कागद गुंडाळून त्यावर सैल गुंडाळा. लोखंडी कपाट चालेल, भिंतीपासून आणि जमिनीपासून जरा लांब, वाळवीसाठी. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, मलमलच्या पुरचुंडीत, कागदाला न टेकता. लावायचं असेल तर उन्हाच्या भिंतीवर नको.

विकण्याआधी चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, पुढचा आणि मागचा दोन्ही. मागे टॉकीजचा शिक्का किंवा तारीख असू शकते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या पोस्टरांचा मोठा साठा आहे, दुर्मीळ काही असेल तर त्यांना दाखवा. आणि पोस्टरवर कुणा बाईच्या हातात तलवार, चाबूक, लगाम, काहीही दिसलं, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. तशी फार थोडी उरली आहेत.